सातबाऱ्यावर खालाचं नाव

मीरा रोडला राहत असलो तरी आमची थोडी शेती रायगडमधल्या गावी आहे. खालूंच्या इंतकालानंतर तिथले हप्ते थांबले. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० रुपये, ज्याच्या नावे जमीन त्याच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतात. सातबाऱ्यावर खालाचं नावच नव्हतं. मुलं असलेल्या विधवेला कुरआनने आठवा हिस्सा दिला. आपण तो तलाठ्यापर्यंतही नेत नाही. वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. अर्ज ‘ई-हक्क’वरून इथे बसूनही करता येतो. फेरफार मंजूर झाला, मग खालाची नोंदणी केली. तुमच्या गावचा सातबारा आजच काढा. त्यावर अम्मीचं, बहिणींचं नाव आहे का?