भरलेली शिंपली आणि ओढ्यातला खेकडा

मिरगाच्या आधी आपण आठवडी बाजारातून सुकट-सोडे भरून ठेवतो, पावसात ते महागतात म्हणून. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते. माशांना अंडी घालायला तेवढीच उसंत. गटाच्या बैठकीत हे सांगितलं तर एका मावशीनं विचारलं, "अन् ज्या हातानंच वेचतात, त्या शिंपल्यांचं काय?" प्रश्न चोख होता. म्हणून आज त्यावरच बोलतोय.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत ओहोटी लागली की बाया टोपली घेऊन चिखलात उतरतात, तिसऱ्या वेचतात, खडकावरची कालवं काढतात. तिसऱ्यांत नर वेगळा, मादी वेगळी, पण बाहेरून ओळखू येत नाही. त्यांना फारसं हलता येत नाही, म्हणून दोघंही आपापलं बीज पाण्यात सोडतात आणि ते तिथंच फळतं. पिल्लं डोळ्याला न दिसणारी. काही दिवस पाण्यात तरंगतात, मग तळ धरतात.

हे कधी घडायचं ते पाण्याचा खारेपणा आणि ऊब यांवर ठरतं. खडकाला चिकटणारे हिरवे शिनाणे पावसाळ्यात बीज सोडतात. केरळात कासरगोडकडच्या बचत गटांच्या बाया पाऊस ओसरल्यावर त्यांची पिल्लं दोराला बांधतात आणि पुढच्या पावसाच्या आत माल काढतात. तिसऱ्यांची एक जात मात्र पाऊस संपून खाडी पुन्हा खारट झाल्यावर बीज सोडते. म्हणजे जून-जुलैची बंदी सगळ्यांना लागू पडत नाही.

खरी मेख पुढंच आहे. बीज सोडण्याच्या आधी शिंपली गच्च भरलेली असते आणि सोडल्यावर मांस पातळ होतं. म्हणजे जेव्हा ती चवीला आणि वजनाला उत्तम, तेव्हाच ती गाभण! वेचणाऱ्या बाईला 'आत्ता थांब' म्हणणं सोपं नाही, तिची चूल त्यावर पेटते.

तरी केरळातच कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत लोक थांबले. तिथं 1991 साली तिसऱ्यांचं उत्पन्न वर्षाला 10,000 टनांवर गेलं आणि 1993 पर्यंत निम्म्यावर आलं. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद ठेवायचं ठरलं. उत्पन्न सावरलं. 2014 मध्ये या मासेमारीला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच.

आपल्याकडं समुद्र नाही, पण पैनगंगेच्या, पूर्णेच्या ओढ्यानाल्यांत खेकडे आहेत. पहिल्या पावसात ते बिळातून निघतात आणि पोरं डबे घेऊन धावतात. समुद्रातली खेकडी लाखांनी अंडी घालते, त्यातली थोडी जगली तरी भागतं. आपली ओढ्यातली खेकडी घालते काहीशेच. तिची पिल्लं अंड्यातून थेट इवले खेकडे होऊनच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. ती एक मादी कालवणात गेली की सगळं बिऱ्हाड गेलं.

ओळखायला अवघड नाही. खेकडा उलटा करा. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. झडप जरा उचलून पाहा. खाली दाण्यांसारखी अंडी किंवा वळवळणारी पिल्लं दिसली, तर तिला धरली त्याच ओढ्यात सोडा, दुसऱ्या पाण्यात नको.