पंख पसरणारा कीबोर्ड

आयबीएम थिंकपॅड ७०१ या लॅपटॉपचं झाकण वर उचलू लागलं, की आतला कीबोर्ड हलायला लागतो. तिरक्या, पायऱ्यापायऱ्यांच्या रेषेवर त्याचे दोन भाग केलेले आहेत. एक भाग बाजूला सरकतो, दुसरा पुढे-मागे. झाकण पुरतं उघडेपर्यंत दोघांची पायरी एकमेकांत बसते आणि एकसंध कीबोर्ड तयार होतो, यंत्राच्या दोन्ही कडांबाहेर आलेला. मिटलेलं यंत्र पावणेदहा इंचांहून रुंद नाही. उघडलेला कीबोर्ड मात्र साडेअकरा इंचांचा. यात मोटर नाही, दाबायचं बटण नाही. झाकण उचलणाऱ्या हाताचा जोरच आतल्या कॅममधून कीबोर्डपर्यंत पोचतो. मिटताना सगळं उलट घडतं.

आयबीएममध्ये या यंत्राला ‘बटरफ्लाय’ म्हणत, आणि लोकांनीही तेच नाव उचललं. कीबोर्डची कल्पना जॉन कॅरिडिस या अभियंत्याची. न्यूयॉर्क राज्यात यॉर्कटाउन हाइट्सला आयबीएमचं संशोधन केंद्र आहे, तिथे तो काम करायचा. लहानग्या मुलीच्या लाकडी ठोकळ्यांवरून त्याला ही युक्ती सुचली. दोन त्रिकोण एकमेकांवर सरकवले, की त्यांच्यापासून होणाऱ्या चौकोनाची लांबी-रुंदी बदलते. शाळेतल्या भूमितीएवढीच गोष्ट, पण ती बटणं, तारा आणि बिजागरीसकट दोन किलोंच्या यंत्रात बसवणं हे फार मोठं काम होतं. थिंकपॅडच्या काळ्या पेटीला रूप देणारे रिचर्ड सॅपर यांचा हात याही यंत्रावरून फिरला आहे. कॅरिडिस २०१२ मध्ये गेला.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घ्यायचं तर १९९५ चे पडदे आठवायला हवेत. ७०१ चा पडदा १०.४ इंचांचा. त्या मापाच्या लहान लॅपटॉपात पूर्ण आकाराचा कीबोर्ड मावत नसे. मग बटणं आखडून घ्यायची, आणि बोटांनी चुका करत राहायचं. कॅरिडिसने बटणांचं माप तसंच ठेवलं आणि कीबोर्डलाच घडी घातली. मार्च १९९५ मध्ये ७०१ बाजारात आला, लोकांनी हौसेने घेतला, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात ठेवला. आणि १९९६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. तोवर पडदे मोठे होत चालले होते. पडदा रुंद झाला की पेटी रुंद होते, आणि रुंद पेटीत कीबोर्ड सरळ मावतो. सुटलेल्या प्रश्नाचं उत्तर आयबीएमने पुन्हा बनवलं नाही, दुसऱ्या कुणीही असं काही फारसं केलं नाही.

म्हणून आज हे यंत्र हवं असेल तर जुनंच शोधावं लागतं. आपल्याकडे ते क्वचित दिसतं. बहुतेक अमेरिकेतल्या लिलावांत आणि तिथल्या अडगळीच्या खोल्यांत. जुने, वापरलेले संगणक आयात करण्यावर भारतात निर्बंध आहेत, त्यामुळे टपालाने मागवण्याचा बेत बहुधा फसतो. मग कुणाचा तरी भाचा किंवा भाची सुट्टीला घरी येते, तिच्या हातातल्या पिशवीतून ते येतं. विकणाऱ्याला लोक पहिल्यांदा विचारतात, “चालू होतं का?” माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, “झाकण पूर्ण उघडतं का? उघडतानाचा व्हिडिओ पाठवाल का?” मदरबोर्ड दुरुस्त करणारे सापडतात. तुटलेली कॅम, चिरलेली बिजागरी आणि पायरीत अडकणारा कीबोर्ड दुरुस्त करणारा सापडायला नशीब लागतं.

यंत्र हातात आलं की लगेच वीज जोडायची नाही, कितीही मोह झाला तरी. आत मुख्य बॅटरीखेरीज एक छोटी राखीव बॅटरी असते, निकेलची. तीस वर्षांत ती गळलेली असण्याचीच शक्यता जास्त. तिच्यातला अल्कधर्मी द्राव बोर्डावर उतरतो आणि तांब्याच्या बारीक रेषा खातो. त्यावर वीज सोडली तर उरलंसुरलंही जळेल. आधी सगळं उघडायचं, राखीव बॅटरी कापून काढायची, हिरवट डाग पातळ व्हिनेगरने पुसायचे म्हणजे अल्क मारला जातो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण सुकू द्यायचं. त्यानंतर मल्टिमीटर घेऊन एकेक रेषा तपासायची. तुटलेल्या रेषेवरून केसाएवढी तार सोल्डर करून पूल बांधायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मोबाइलचे बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरून काम करणारी मुलं आहेत, त्यांच्या हाताला हे काम अवघड नाही. त्यांना फक्त पटवावं लागतं, की एवढ्या जुन्या वस्तूवर तासन् तास घालवणं वाया जाणार नाही.

उघडण्याचं काम मात्र स्वतःच, सावकाश करावं. तेव्हा आयबीएम आपल्या यंत्रांची दुरुस्ती-पुस्तिका छापत असे: कोणता भाग कोणत्या क्रमाने सुटतो, कोणता स्क्रू कुठला, कोणत्या सुट्या भागाचा क्रमांक काय. त्या पुस्तिका आजही मिळतात. वस्तू उघडली जाणार, दुरुस्त होणार, हे गृहीत धरून लिहिलेलं असं पुस्तक हातात घेतलं की आजच्या गोंदाने चिकटवलेल्या लॅपटॉपांचा राग येतो. पण पुस्तिका लिहिणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती: प्लास्टिक ठिसूळ होईल. ज्या खुंट्यांत पितळी आटे बसवले आहेत, त्या जरा जास्त पिळल्या की पितळासकट उखडून येतात. अशा वेळी इपॉक्सीने त्या जागी बसवून पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबायचं. घाई केली तर बिजागरीचा सगळा ताण त्याच कच्च्या जागेवर येतो.

सगळ्यात कठीण निर्णय झाकणाच्या पृष्ठभागाबद्दलचा असतो. ७०१ वर मऊ, रबरी स्पर्शाचा काळा लेप होता. हाताला छान लागायचा. हा लेप हवेतली आर्द्रता शोषतो, त्याची रेणूंची साखळी तुटत जाते, आणि शेवटी तो काकवीसारखा बोटांना चिकटतो. मुंबई किंवा कोकणातल्या हवेत हे लवकर होतं. अल्कोहोलने पुसलं तर लेप निघतो, पण सगळाच, आणि खालचं नागडं प्लास्टिक उरतं, चकचकीत, अनोळखी. काही जण त्यावर नवा रंग फवारतात. काही जण चिकट लेप तसाच राखतात, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवतात. संग्रहालयाने राखावा, हे बरोबर. वापरणाऱ्याने काढावा, असं माझं ठाम मत आहे. जे यंत्र हातात घ्यावंसं वाटत नाही, ते कुणी उघडणार नाही. आणि उघडलं गेलं नाही तर ७०१ म्हणजे एक सामान्य, जाडजूड, काळी पेटी. म्युझियममधल्या काचेआड त्याची रचना जपली जाते, हालचाल जपली जात नाही. ती फक्त चालत्या यंत्रात राहते.

पडद्याबाबत निवड फारशी नसते. ७०१सी चा ॲक्टिव्ह मॅट्रिक्स पडदा अजून सुरेख दिसतो, ७०१सीएसचा ड्युअल स्कॅन पडदा पहिल्या दिवसापासून फिका होता. मागची दिव्याची नळी गुलाबी पडली असेल तर बदलता येते. त्या काळच्या अनेक पडद्यांवर ध्रुवीकरणाची फिल्म कुजते आणि उघडताच व्हिनेगरचा वास येतो. ती खरवडून नवी लावणं शक्य आहे, पण काच फुटण्याची तयारी ठेवून.

जुनी हार्डडिस्क फिरत असेल, तर सगळ्यात आधी तिची जशीच्या तशी प्रत करून घ्यावी. मूळ ड्रायव्हर त्याच डिस्कवर असतात. आधीच्या मालकाची पत्रंही तिथेच असतात, ती वाचू नयेत. मग तिच्या जागी ४४ पिनांच्या ॲडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं की यंत्र गार, शांत आणि विश्वासू होतं. यात यूएसबी नाही, पण पीसीएमसीआयएच्या खाचेतून फाइली आणता येतात. विंडोज ३.११ वर पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीचे फाँट टाकले, तर ४८६ प्रोसेसर मराठीही लिहितो. भारतीय लिप्यांसाठी बनवलेलं सीडॅकचं जिस्ट कार्ड मात्र डेस्कटॉपच्या स्लॉटसाठी होतं, ते इथे कुठे बसवणार!

काही हौशी लोक अलीकडे ७०१ चं पोट रिकामं करून आत आजचा बोर्ड आणि आजचा पडदा बसवतात. त्यांची कारागिरी अव्वल असते, आणि कीबोर्ड पसरतो तो पसरतोच. तरी निरोगी मदरबोर्ड असलेल्या यंत्राला मी हात लावू देणार नाही. तो कीबोर्ड १०.४ इंचांच्या पडद्यासाठी घडवला होता. त्या पडद्याची अडचणच काढून टाकली तर पंखांना कारण उरत नाही. ज्यांचा बोर्ड गळून मेला आहे, अशा यंत्रांची कमी नाही. नवे प्रयोग त्यांच्यावर करावेत, आणि त्यांतून निघालेल्या चांगल्या बिजागऱ्या, कॅम आणि बटणं जिवंत यंत्रांसाठी डब्यात नाव घालून ठेवावीत.