मीटरमागचे दिवे

गाडी जुनी झाली की मालक टायरची काळजी करतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो, हेडलाइट मंद झाले म्हणून कुरकुरतो. मीटरमधला एक बल्ब गेला तर मात्र त्याची दखल कोणी घेत नाही. रात्री पेट्रोलचा काटा दिसेनासा होतो, चालक मान जरा वाकवून बघायला शिकतो, आणि त्याचीच सवय होऊन जाते. पुढे वेगाच्या आकड्यांवरही काळोख पसरतो. मग ऐंशीने चाललोय की शंभराने, हे इंजिनच्या आवाजावरून ठरवायचं. घाटात, पावसात, समोरून ट्रकचे झोत येत असताना हा अंदाज महागात पडू शकतो. दुरुस्ती म्हणाल तर काही रुपयांच्या बल्बची आणि तासाभराच्या कामाची आहे.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. १४ डिसेंबर १९८३ला तिची पहिली चावी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४मध्ये उत्पादन थांबलं. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करून ती वापरणारी कुटुंबं आजही आहेत. तिच्या पिढीच्या गाड्यांचं मीटर उघडून पाहिलं की त्यामागचा विचार कळतो. काट्यांमागे पांढऱ्या प्लास्टिकचा उथळ डबा असतो. आतून पांढरा अशासाठी, की दोन-तीन बल्बांचा उजेड भिंतींवर आपटून सगळ्या तबकडीवर सारखा पसरावा. इशाऱ्याच्या दिव्यांना मात्र स्वतंत्र कप्पे. ऑइलचा लाल दिवा लागला तर त्याचा उजेड शेजारच्या बॅटरीच्या चिन्हावर सांडता कामा नये, म्हणून मध्ये पातळ भिंत. डब्याच्या पाठीवर प्लास्टिकची लवचीक पट्टी चिकटलेली असते आणि तिच्यावर तांब्याच्या रेघा. त्याच वायरी. भोकाभोकात पाव वळसा फिरवून बसवलेले होल्डर, आणि होल्डरात बल्ब.

हे बल्ब दोन घराण्यांचे. जुन्या युरोपीय धाटणीच्या गाड्यांत पितळी टोपीचा, बाजूला दोन खुंट्या असलेला बल्ब असतो. दाबून फिरवला की अडकतो. त्याची टोपी नऊ मिलिमीटरची आणि ताकद दोन किंवा चार वॅट. जपानी धाटणीच्या गाड्यांत टोपी नसलेला, नुसत्या काचेचा बल्ब येतो. काचेचं बूड चपटं असतं आणि तारेची दोन टोकं त्यावर दुमडलेली असतात. त्यातला दहा मिलिमीटर जाडीचा तो टी-टेन, पाच मिलिमीटरचा तो टी-फाइव्ह. टी-फाइव्ह साधारण सव्वा वॅटचा. टी-टेनच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण मीटरचा तीन वॅटचा बल्ब आणि पार्किंग लाइटचा पाच वॅटचा बल्ब यांचं बूड एकच असतं. पाच वॅटचा बल्ब मीटरमध्ये व्यवस्थित बसतो आणि आठवडाभर छान उजेडही देतो. पण बंद कप्प्यात वाढलेल्या उष्णतेने पुढे होल्डर पिवळा पडतो, रंगीत भिंग वाकतं आणि तबकडीवर तपकिरी डाग उमटतो. बल्ब पुन्हा मिळतो, तबकडी मिळत नाही. म्हणून काढलेल्या बल्बवरचा आकडा वाचावा आणि तोच मागावा.

बल्ब का जातो, तेही समजून घेण्यासारखं आहे. केसाहून बारीक टंगस्टनची तार दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते. तापता तापता तिचे कण उडतात आणि काचेला आतून चिकटतात. म्हातारा बल्ब काळवंडलेला दिसतो तो यामुळे. तार थंड असते तेव्हा तिचा विद्युतरोध तापलेल्या अवस्थेच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच असतो, त्यामुळे बटण दाबताक्षणी प्रवाहाचा लोंढा येतो आणि झिजलेली तार तिथेच तुटते. व्होल्टेजचा परिणाम तर त्याहून तीव्र. ते पाच टक्क्यांनी वाढलं की बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळणं रास्त आहे. तो आकडा पंधराच्या वर जात असेल तर दोष बल्बात नाही, रेग्युलेटरमध्ये आहे, आणि नवे बल्बही टिकणार नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. आधी निदान. सगळं मीटर एकदम अंधारलं असेल तर संशय फ्यूजवर, उजेड कमी-जास्त करण्याच्या बटणावर किंवा अर्थच्या वायरीवर घ्यावा. सगळे बल्ब एकाच रात्री जात नाहीत. एकच बाजू काळी असेल तर बल्ब गेला म्हणायचं. मग दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला करायची. मीटरभोवतीच्या चौकटीचे स्क्रू स्टार स्क्रू-ड्रायव्हरने सोडवायचे. वीस वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा अडलं की ओढू नये, एखादा स्क्रू नजरेतून सुटलाय असं समजून शोधावा.

चौकट निघाली की मीटर पुढे सरकतं, पण बोटभरच. मागे स्पीडोमीटरची केबल धरून असते. हात आत घालून चाचपून तिची पकड सोडवायची, मग वायरिंगचे कपलर. मीटर हातात आलं की ते टॉवेलवर तोंड खाली करून ठेवायचं आणि हात लावण्याआधी पाठीचा फोटो काढायचा. होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवला की बाहेर येतो. बल्ब सरळ ओढायचा. पिरगाळला तर काच फुटते. काही गाड्यांत बल्बवर हिरवी वा निळी रबरी टोपी असते. मीटरचा रंग तिचाच, म्हणून ती जपून नव्या बल्बवर चढवायची.

तांब्याच्या रेघांवर हिरवट थर दिसला तर नवा बल्बही लागणार नाही. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर खाऱ्या दमट हवेमुळे हे फार दिसतं. साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, चुरा झटकावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावं. सँडपेपर वापरू नये. रेघ कागदासारखी पातळ असते आणि ती खरवडली गेली की जोडणं किचकट होतं. एकदा मीटर उघडलंच आहे तर उजेडाचे सगळे बल्ब एकदम बदलावेत. सगळे एकाच वयाचे असतात.

एका बल्बबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. बॅटरीच्या चिन्हामागचा लाल दिवा पुष्कळ जुन्या गाड्यांत नुसता इशारा देत नाही. अल्टरनेटर फिरू लागल्यावर त्याच्या गुंडाळीला चुंबकत्व यायला सुरुवातीचा थोडा प्रवाह लागतो, आणि तो याच बल्बमधून जातो. बल्ब गेला तर अल्टरनेटर निरोगी असूनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा इंजिनची गती बरीच वाढवल्यावर होतं. मालक बॅटरी बदलतो, कुणी अल्टरनेटर उघडायला लावतो, आणि दोष असतो तीन वॅटच्या तारेत. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा लागला नाही, तर पहिली तपासणी त्याच्या बल्बची करावी.

याच कारणाने तिथे एलईडी बसवताना जपून. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की अल्टरनेटरला जाग येत नाही. इंडिकेटरचा हिरवा बाण एकच असेल तर तिथेही अडचण. काही गाड्यांत त्याच्यातून प्रवाह डावीकडे वळताना एका दिशेने आणि उजवीकडे वळताना उलट्या दिशेने वाहतो, आणि साधा एलईडी एकाच दिशेने पेटतो. तबकडीच्या उजेडासाठी एलईडी चालतो. कमी तापतो, जास्त टिकतो. लागला नाही तर अर्धा वळसा फिरवून उलटा बसवावा. पण झगझगीत पांढरा घेऊ नये. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तीव्र निळसर-पांढरा उजेड तो सराव मोडतो. मीटर वाचता यावं एवढाच उजेड पुरे, बाकीची नजर रस्त्यासाठी हवी.

बल्ब शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं सामान मिळतं, आणि तालुक्याच्या गावातला वायरिंगवालाही हे बल्ब डबीत बाळगून असतो. सोबत जुना बल्ब न्यावा. घरी आल्यावर मीटर बंद करण्याआधी कपलर लावून, बॅटरी जोडून, चावी फिरवून प्रत्येक दिवा पेटतो का ते पाहावं आणि मगच चौकट बसवावी.

या मीटरची रचना करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की बल्ब कधीतरी जाणार, आणि तो बदलता यावा म्हणून त्यांनी पाव वळशाचा होल्डर दिला. आजच्या पुष्कळ गाड्यांत मीटर म्हणजे एक अखंड पडदा आहे. त्याचा उजेड गेला तर बहुतेक वेळा सबंध मीटरच बदलायला सांगतात. तुमच्याकडे अजून बल्ब बदलता येणारी गाडी असेल तर ती सोय वापरा. आज संध्याकाळी अंगणात किंवा पार्किंगमध्ये गाडीची चावी फिरवा, सगळे इशारे लागतात का ते बघा, मग लाइट लावून मीटरचे सगळे आकडे वाचता येतात का ते पाहा. एखादा कोपरा काळा दिसला तर पुढच्या रात्रीच्या प्रवासाआधी तो बल्ब बदलून घ्या.