एका खेपेपुरता पहारेकरी

हिवाळा सुरू झाला की जबलपूरच्या परिसरात, पाटण आणि शहपुरा भागांतील शेतांतून, हिरव्या वाटाण्याची आवक वाढू लागते. 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत जबलपूर जिल्ह्यासाठी हिरव्या वाटाण्याचीच निवड झालेली आहे. येथून निघालेली गाडी लखनादौन, सिवनी, नागपूर या मार्गाने महाराष्ट्रात येते आणि नवी मुंबईच्या वाशी बाजारापर्यंत पोहोचताना हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापते.

समजा, अशी एक खेप मुक्कामी उतरवली तेव्हा शेंगा पिवळट व मऊ पडलेल्या आढळल्या. अडत्या म्हणतो, माल मुळातच शिळा होता. वाहतूकदार म्हणतो, गाडी वेळेवर आणली. पाठवणारा सांगतो, माल त्याच दिवशी तोडलेला होता. तिघांच्या हाती पुरावा एकच, तो म्हणजे बिल्टी. किती नग व किती वजन चढले हे बिल्टी सांगते. वाटेत मालाचे काय झाले याविषयी ती मौन पाळते. मग भाव पाडून व्यवहार मिटवला जातो आणि दोष कोणाचाही असो, तोटा बहुधा पाठवणाऱ्याच्या पदरी पडतो. त्याने हंगामासाठी बँकेचे कर्ज घेतलेले असेल, तर त्या तोट्याची झळ परतफेडीपर्यंत पोहोचते.

वाटेवरचे हे मौन दूर करण्यासाठी मालवाहतुकीत जे साधन पुढे आले आहे, ते म्हणजे एकदाच वापरावयाचे बिनतारी मागोवा उपकरण.

उष्णतेचा हिशेब

तोडलेली शेंगही श्वसन करीत असते. वाटाण्याचे श्वसन भाज्यांमध्ये विशेष वेगवान असते. त्यातून उष्णता निर्माण होते आणि ढिगाच्या मध्यभागी ती साठत जाते. दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊन गोडी उणावते. शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास आणि भरपूर आर्द्रतेत ठेवलेला वाटाणा एक ते दोन आठवडे टिकतो; उकाड्यात मात्र त्याची प्रत काही तासांतच घसरू लागते. म्हणूनच माल कोठे आहे याइतकेच तो कोणत्या तापमानात आहे हे कळणेही महत्त्वाचे ठरते.

उष्णतेची नोंद ठेवणारी खूण अनेकांनी पाहिलेली असते, पण तिच्याकडे लक्ष गेलेले नसते. पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीच्या कुप्यांवर १९९६ पासून एक लहानसे वर्तुळ व त्यात एक चौकोन असलेली चिठ्ठी लावली जाऊ लागली. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो; त्याचा रंग वर्तुळाइतका झाला की ती कुपी वापरावयाची नाही. ही खूण स्वस्त व विश्वासार्ह आहे. परंतु उष्णता किती लागली एवढेच ती दाखवते. केव्हा आणि कोठे लागली हे तिला सांगता येत नाही. बिनतारी उपकरण ही उणीव भरून काढते.

उपकरणाचे अंतरंग

मालासोबत एका खोक्यात ठेवावयाच्या या उपकरणाचा आकार साधारणतः हातात मावेल एवढा असतो. काही प्रकार तर जाड चिठ्ठीसारखे चिकटवता येतात. आत लिथियमची बॅटरी, तापमान मोजणारा संवेदक, मोबाइल जाळ्याशी जोडणारे सिमकार्ड आणि सूक्ष्म संगणक असतो. काही उपकरणांत धक्का व प्रकाश ओळखणारे संवेदकही असतात. बंद खोक्यात एकाएकी उजेड शिरल्याची नोंद झाली, की खोके उघडले गेले असे समजावे.

उपकरण बहुतेक वेळ निद्रिस्त असते. ठरावीक अंतराने ते जागे होते, तापमान व ठिकाण टिपते, संदेश पाठवते आणि पुन्हा झोपी जाते. या काटकसरीमुळेच लहानशी बॅटरी कित्येक आठवडे पुरते. सिवनी ते नागपूर हा रस्ता पेंचच्या जंगलालगत जातो. अशा टप्प्यात मोबाइलचा संकेत मिळाला नाही, तरी नोंदी स्मृतीत साठून राहतात आणि संकेत येताच रवाना होतात.

ते एकदाच वापरण्याचे कारण व्यावहारिक आहे. खेप पोहोचल्यावर उपकरण परत मागवणे, तपासणे आणि बॅटरी बदलणे यांचा खर्च व खटाटोप अनेकदा उपकरणाच्या किमतीहून भारी पडतो.

बॅटरीविना चालणारे भावंड

याच कुळातील एक साधे साधन भारतीय निर्यातदारांच्या परिचयाचे आहे. कारखान्यातच कंटेनरला मोहोर लावून माल बंदराकडे पाठवणाऱ्या निर्यातदारांसाठी सीमाशुल्क खात्याने २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक मोहोरेची पद्धत आणली. कंटेनरच्या कडीत ठोकलेला हा खिळा तोडल्यावाचून निघत नाही, म्हणून तो एकाच फेरीपुरता उपयोगी पडतो. त्यातील आरएफआयडी चकतीत बॅटरी नसते. वाचनयंत्राकडून आलेल्या रेडिओ लहरींच्या ऊर्जेवरच ती आपला क्रमांक कळवते. मात्र वाचनयंत्र जवळ असेल तेव्हाच ती बोलते. निर्जन रस्त्यावर ती मुकीच राहते.

नोंदीचे मोल

१ मार्च २०११ पासून लागू झालेल्या 'कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७' या कायद्यानुसार मालाची हानी झाल्यास वाहतूकदाराविरुद्ध दावा लावण्यापूर्वी त्याला लेखी सूचना द्यावी लागते आणि ती माल नोंदवल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. मालाचे मूल्य आधी जाहीर केलेले नसेल, तर वाहतूकदाराचे दायित्व मर्यादित राहते.

विम्याच्या बाबतीतही सावध असावे. केवळ विलंबामुळे किंवा मालाच्या अंगभूत नाशवंतपणामुळे झालेले नुकसान सर्वसाधारण वाहतूक विम्यात धरले जात नाही. त्यामुळे शीतयंत्र बंद पडून माल बिघडला की गाडी खोळंबल्यामुळे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. वेळ, ठिकाण व तापमान यांची ओळीने मांडलेली नोंद येथे उपयोगी पडते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करावयाची झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

ही नोंद दुधारी असते. गाडीत चढवतानाच माल तापलेला होता असे तिने दाखवले, तर दोष पाठवणाऱ्याकडे येतो. तिची विश्वासार्हता या निःपक्षपातीपणातच आहे.

ग्राहकांनी लक्षात ठेवावे

१. उपकरण दारापाशी ठेवू नये. मालाच्या मध्यभागी ठेवावे. दारापाशी हवेचे तापमान कळते, मालाचे नव्हे. एकाहून अधिक उपकरणे असतील तर एक दाराजवळ ठेवण्यास हरकत नाही.

२. धातूच्या बंद पेटीत उपग्रहाचा संकेत क्षीण होतो. मोबाइल मनोऱ्यांवरून काढलेले ठिकाण अदमासाचे असते.

३. उपकरणाचा क्रमांक बिल्टीवर लिहून घ्यावा. त्यावाचून नोंद कोणत्या खेपेची हे सिद्ध करणे कठीण जाते.

४. हवाई मार्गाने माल पाठवताना लिथियम बॅटरीविषयी वाहतूक कंपनीला आधीच कळवावे.

५. वापरलेले उपकरण कचऱ्यात टाकू नये. बॅटरींच्या विल्हेवाटीसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. उपकरण पुरवठादाराकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावे.

६. खर्चाचा ताळमेळ पाहावा. मालाची किंमत, नाशाचा धोका आणि वादाची शक्यता या तिन्ही गोष्टी मोठ्या असतील तेथेच मोबाइल जाळ्यावरचे उपकरण परवडते. इतरत्र साधी तापमानदर्शक चिठ्ठीही पुरेशी असते.

कोणतेही उपकरण वाटाणा थंड ठेवत नाही, गाडीचा वेगही वाढवत नाही. पहाटे तोडणी, सावलीत हाताळणी, पूर्वशीतन आणि चांगली गाडी यांना पर्याय नाही. परंतु एवढी काळजी घेऊनही माल बिघडला, तर तो सिवनीपूर्वी तापला की नागपूरनंतर, हे सांगणारी नोंद हाती असल्यास जबलपूरच्या लहान व्यापाऱ्याला वाशीच्या बाजारात केवळ शपथेवर अवलंबून राहावे लागत नाही.