काळ्या शाईतील अद्भुतसृष्टी : एस्तेबान मारोतो यांची चित्रकथा

स्पेनमधील अद्भुत आणि भयप्रधान चित्रकथांचा विचार करताना एस्तेबान मारोतो यांचे नाव अग्रभागी येते. १९४२ साली माद्रिद येथे जन्मलेल्या या चित्रकाराची घडण ज्या काळात झाली, त्या काळात जनरल फ्रँको यांच्या राजवटीत छापील मजकुरावर सेन्सॉरची करडी नजर होती आणि देशातील प्रकाशक अत्यल्प मोबदला देत असत. त्यामुळे गुणी चित्रकारांना परदेशी प्रकाशकांसाठी काम करणे भाग पडे. हे काम मिळवून देणारी मध्यस्थ संस्था म्हणजे एजन्सी. बार्सिलोना येथील जुझेप तोतैन यांची ‘सेलेक्सिओनेस इलुस्त्रादास’ ही त्यांपैकी सर्वांत प्रभावी होती. या व्यवस्थेने अनेकांची चूल पेटती ठेवली, हे मान्य करूनही, चित्रांवरील हक्क बहुधा चित्रकाराच्या हाती राहत नसे, ही तिची उणीव गंभीरच मानावी लागते.

मारोतो यांची खरी ओळख १९६७ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘सिंको पोर इन्फिनितो’ या विज्ञान-अद्भुत मालिकेने करून दिली. परग्रहावरील इन्फिनितो नावाच्या सामर्थ्यवान पुरुषाने निवडलेल्या पाच पृथ्वीवासीयांच्या साहसांची ही कथा आहे. तिचे आरंभीचे भाग त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने रेखाटले आणि पुढे तिची धुरा एकट्याने वाहिली. चित्रकथेचे पान सामान्यतः चौकटींत, म्हणजे एकेका प्रसंगाच्या बंदिस्त खणांत, विभागलेले असते. मारोतो यांनी मात्र अनेकदा या चौकटींच्या कडाच विरघळवल्या आणि एखाद्या स्त्रीचे मोकळे केस, धुके किंवा वेलींची जाळी एका प्रसंगातून दुसऱ्यात वाहत जाईल अशी रचना केली, ज्यामुळे वाचकाची नजर पानावर आधी एका सलग चित्रासारखी फिरते आणि मगच कथेच्या क्रमाकडे वळते. काही ठिकाणी या सौंदर्यासक्तीपुढे कथेची गती मंदावते, हेही खरे आहे.

अमेरिकेतील जेम्स वॉरन यांच्या ‘क्रीपी’, ‘ईरी’ आणि ‘व्हॅम्पिरेला’ या मासिकांना हीच शैली हवी होती. १९५४ साली तेथील प्रकाशकांनी स्वीकारलेल्या ‘कॉमिक्स कोड’ या आचारसंहितेने भयकथांवर कडक बंधने घातली होती; वॉरन यांची प्रकाशने मोठ्या आकाराची आणि कृष्णधवल असल्यामुळे मासिकांत गणली जात व त्या संहितेबाहेर राहत. १९७१ पासून स्पॅनिश चित्रकारांचा त्यांत मोठा ओघ सुरू झाला आणि त्यांत मारोतो यांचा ‘डॅक्स’ हा एकाकी योद्धा विशेष गाजला. रंगाची सोय नसताना गर्द काळे पुंजके, कागदाचा कोरा पांढरेपणा आणि केसाइतक्या बारीक रेषांची वीण एवढ्याच साधनांनी भीती व मोह यांचे मिश्रण साधणे ही त्यांची सर्वांत मोठी सिद्धी म्हणता येईल.

तरीही सर्वसाधारण अमेरिकी वाचकाला ते आठवतात ते रेड सोन्या या तलवारधारी नायिकेच्या धातूच्या तोकड्या पोशाखामुळे. लेखक रॉय टॉमस आणि चित्रकार बॅरी स्मिथ यांनी ही नायिका १९७३ साली चित्रकथेत आणली, तेव्हा तिच्या अंगात साखळ्यांचे चिलखत होते. मारोतो यांनी कोणी सांगितले नसताना स्वतःहून काढून पाठवलेल्या चित्राने तिचे रूप पालटले आणि तेच पुढे रूढ झाले. स्त्रीदेहाच्या अशा चित्रणावर आज घेतले जाणारे आक्षेप रास्त आहेत.

पुढे डीसी या प्रकाशनसंस्थेसाठी, लेखक पीटर डेव्हिड यांच्यासह, त्यांनी १९९० साली ‘द अटलांटिस क्रॉनिकल्स’ ही सात अंकांची मालिका रेखाटली. बुडालेल्या नगरीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास मांडणारी ही कृती कथा आणि चित्र यांचा समतोल त्यांच्या इतर कामापेक्षा अधिक राखते. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांची त्यांनी केलेली चित्ररूपे २०१८ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आली. मारोतो यांचे मूल्यमापन एका पोशाखावरून करणे अन्यायाचे आहे. ज्यांना या चित्रकाराची खरी योग्यता जाणून घ्यायची असेल, त्यांनी ‘सिंको पोर इन्फिनितो’ आणि ‘डॅक्स’ यांची कृष्णधवल पानेच प्रथम पाहावीत.