शब्द अडतो कुठे?

घरात तीन-चार मुले असली की हाक मारताना आईची गडबड होते. "संजय... विजय... अरे तू रे, मिलिंद, इकडे ये!" मुले हसतात, आई वैतागते, आणि शेजारीण म्हणते, वय झाले. वयाचा दोष नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली हाच प्रश्न अभ्यासला. घरच्या माणसांची नावे मेंदू 'आपली माणसे' म्हणून एकाच गठ्ठ्यात ठेवतो, म्हणून एकाऐवजी दुसरे हाती लागते. कधी घरच्या कुत्र्याचेही नाव त्यात निघते. मांजराचे मात्र सहसा निघत नाही, हे विशेष!

साध्या गप्पांत आपण सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो. समोर कपाचे चित्र धरले तर 'कप' म्हणायला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ पुरतो. तेवढ्यात आधी अर्थ ठरतो, मग त्याला जुळणारा शब्द निवडला जातो, नंतर त्याचे उच्चार जुळतात आणि शेवटी ओठांना व जिभेला हुकूम सुटतो. आम्ही कारकून माणसे, म्हणून कचेरीतलाच दाखला देतो. रजिस्टरमध्ये फाईलचा नंबर मिळतो, पण रॅकवर फाईल सापडत नाही, तशी गत 'अगदी ओठावर आहे, पण आठवत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा होते. हार्वर्ड विद्यापीठात ब्राऊन आणि मॅकनील या दोघांनी १९६६ साली विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे अर्थ वाचून दाखवले व शब्द ओळखायला सांगितले. ज्यांचा शब्द ओठावर अडला, त्यांतल्या अनेकांना त्याचे पहिले अक्षर किंवा त्यात किती अवयव आहेत हे बरोबर सांगता आले. म्हणजे शब्द हरवलेला नसतो, वाट अडलेली असते.

हे सर्व गमतीचे वाटेल. पण आमच्या वस्त्यांत अनेक घरांत ही वाट कायमची अडून बसलेला माणूस आहे. अर्धांगवायूचा झटका येतो, उजवा हात-पाय लुळा पडतो आणि वाचा जाते. बहुतेकांच्या बाबतीत भाषेचे काम मेंदूची डावी बाजू करते आणि तीच बाजू शरीराचा उजवा भाग चालवते, म्हणून ही दोन संकटे जोडीने येतात. लोक म्हणतात, अंगावरून वारे गेले. मग कबुतराचे रक्त चोळणे, उतारा टाकणे, अंगारा लावणे सुरू होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतसुद्धा हे चालते, याची आम्हाला लाज वाटते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, यांपैकी एक जरी अचानक झाले तरी रोग्याला थेट मोठ्या इस्पितळात न्यावे. रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. उतारा टाकण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

सर्वांत मोठा अन्याय पुढे होतो. बोलता येत नाही म्हणजे काही समजत नाही, असे घरचेच ठरवून टाकतात.

पॅरिसमध्ये लेबॉर्न नावाचा कारागीर होता. बुटांचे लाकडी साचे बनवणे हा त्याचा धंदा. वयाच्या तिशीत त्याची वाचा गेली. कोणी काहीही विचारले तरी तो एवढेच म्हणे, "तान, तान." इस्पितळात त्याचे नावच 'तान' पडले. १८६१ साली डॉ. पॉल ब्रोका यांनी त्याला तपासले. इथे किती वर्षे आहेस असे विचारताच त्याने डाव्या हाताची पाचही बोटे चार वेळा दाखवली आणि मग एकच बोट. एकवीस वर्षे! हिशेब बरोबर होता. काही दिवसांतच तो वारला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झालेली आढळली. त्या जागेला आज ब्रोकांचे नाव आहे, पण ज्याच्यामुळे ती सापडली त्या साचेवाल्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

पुढे १८७४ साली जर्मनीच्या वेर्निके यांनी उलट प्रकारही दाखवला. त्यात रोगी भरभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो व दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही. तेव्हा सर्व रोगी सारखे नसतात.

लेबॉर्न चिडला की त्याच्या तोंडून शिवी मात्र अख्खी बाहेर पडे. आमच्या वस्तीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना 'पाणी' म्हणता येत नाही. पौर्णिमेला विहारात सर्वांबरोबर त्रिशरण-पंचशील मात्र त्यांनी स्पष्ट म्हटले. बाहेर आल्यावर कोणी कुजबुजले, "घरी नाटक करतात वाटते." काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही त्या गृहस्थाला तिथेच थांबवून सांगितले की, नाटक नव्हे! वंदना, अंक, वारांची नावे, पाठ असलेले गीत यांत एका शब्दामागून दुसरा आपोआप येतो. 'पाणी' हा शब्द मात्र दर वेळी नव्याने शोधून आणावा लागतो, आणि तीच वाट तुटलेली असते. याच गोष्टीचा आधार घेऊन बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली रोग्यांना चालीवर शब्द म्हणायला शिकवण्याची पद्धत मांडली. वाचा-उपचार मुंबईत नायर इस्पितळात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होतात. लवकर जावे, आणि पहिल्या महिन्यातच निराश होऊन सोडू नये.

घरी काय करावे? टीव्ही बंद करून, समोर बसून, लहान वाक्यांत बोलावे. 'हो की नाही' असे उत्तर येईल असा प्रश्न विचारावा, आणि उत्तरासाठी थांबावे. शब्द चटकन आपणच पुरवू नये. सामाजिक कामाच्या निमित्ताने आमच्याकडे असे कागद येतात, ज्यांवर वाचा गेलेल्या बापाचा अंगठा असतो आणि तो कशावर आहे हे बापाला कोणी सांगितलेले नसते. असा कागद आम्ही पुढे करत नाही.

त्या काकांच्या मुलीने जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढली आहेत : कप, गोळ्या, संडास, पंखा, पेन्शनचे पासबुक. काका डाव्या हाताचे बोट ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांनी पासबुकावर बोट ठेवले. मुलाने कपाटातून ते आणून दिले. काकांनी पाने उलटली आणि पासबुक आपल्या उशाखाली ठेवले.