फिशटँक फुटल्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास

घोरावाडी, तळेगावच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात ठेवलेला तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच फिशटँक काठोकाठ भरला, तर त्यात सुमारे १२७ लिटर पाणी मावते. ते सगळे सांडले तरी दहा बाय दहाच्या खोलीत जेमतेम दीड सेंटिमीटर पाणी साचेल. पोचा आणि वायपर घेऊन तासाभरात लादी कोरडी होते. खरे नुकसान त्यानंतर सुरू होते.

टँक फुटतो कशाने? काचेवरचा दाब पाणी किती आहे यावर नाही, ते किती उंच आहे यावर ठरतो. वर सांगितलेल्या टँकच्या पुढच्या काचेला पाणी साधारण ९६ किलो वजनाइतक्या जोराने रेटत असते. स्टँड समतल नसेल तर हा ताण एका कोपऱ्यात एकवटतो आणि जुने झालेले सिलिकॉन तिथे सुटते. म्हणून टँकखाली थर्मोकोलची शीट घालतात. बर्लिनमधल्या हॉटेलातला १४ मीटर उंचीचा ‘ॲक्वाडोम’ हा फिशटँक १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटला, तेव्हा दहा लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत वाहत गेले. तपासात समोर आलेल्या शक्यतांपैकी एक होती चिकटवलेला सांधा निसटण्याची.

काच शाबूत असतानाही घरात पाणी होऊ शकते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली असेल आणि वीज गेली, तर नळीतून सायफन सुरू होऊन टँक हळूहळू रिकामा होऊ शकतो. पंप वर ठेवला किंवा नळीत छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की हा धोका टळतो.

पाणी सांडलेच, तर आधी मेन स्विच बंद करावा. फिल्टरचा एक्स्टेंशन बोर्ड बहुधा जमिनीवरच असतो. मेन स्विचकडे जाण्याची वाट ओली असेल, तर पाण्यात पाय न घालता महावितरणला कळवावे. मासे टँकमध्ये उरलेल्या पाण्यातच बादलीत ठेवावेत. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांचे कल्ले जाळते. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात भिजत ठेवावा, कारण विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात राहतात.

आता लपलेले पाणी. लादीच्या सांध्यांतून ते खाली मुरते, आणि प्लास्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. एमडीएफचे कपाट तळाशी फुगते. दाबून बसवलेले लाकडाचे तंतू एकदा सैल झाले की पूर्ववत होत नाहीत. ओल राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. पुढे क्षार पृष्ठभागावर येतात, भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात. समुद्री माशांच्या टँकमध्ये तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तिथे गोड्या पाण्याने पुसणे आवश्यक ठरते.

मावळच्या पावसाळ्यात खिडक्या उघडून भिंत वाळत नाही. बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, ती भिंतीतले पाणी घेणार कशी? खिडक्या बंद करून पंख्याबरोबर एसी ‘ड्राय’ मोडवर किंवा डिह्युमिडिफायर चालवावा. कपाटे भिंतीपासून सरकवावीत.

रंगाची घाई करू नये. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून दव धरले, तर भिंत अजून ओली आहे. अशा भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला, तर तो खर्च पुन्हा करावा लागतो.

घरात फिशटँक असेल तर पंपाची जागा, एक्स्टेंशन बोर्ड आणि सिलिकॉनचे सांधे पावसाळ्याआधी एकदा तपासून घ्या.